अमेरिकेतल्या लॉ स्कूलचा अर्ज: प्रवेश समिती तुमची फाइल कशी वाचते

अमेरिकेत वकील होण्याचा नेहमीचा रस्ता असा: आधी पदवी, मग जे.डी. ही तीन वर्षांची कायद्याची पदवी आणि त्यानंतर ज्या राज्यात वकिली करायची तिथली बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा. बारावीनंतर थेट कायद्याला जायची सोय तिथे नाही. पदवी कशात असावी याचंही बंधन नाही. लॉ स्कूल्सना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन, म्हणजे एबीए, कुठल्याच विषयाची शिफारस करत नाही. इतिहास, गणित, नर्सिंग, संगीत शिकून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात बसतात.

इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ सुरू होतो तो अर्ज करताना. एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी, एक कटऑफ अशा पद्धतीची ज्याला सवय आहे त्याला हा सगळा प्रकार लहरी वाटतो. सारखेच गुण असलेल्या दोघांपैकी एकाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याला नकार. एकाच मुलीला वरच्या क्रमांकाचं स्कूल घेतं आणि खालच्या क्रमांकाचं घेत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक जण पूर्ण फी भरतो आणि दुसरा निम्मी. यात लहर फारशी नसते. प्रवेश समितीला एक वर्ग भरायचा असतो, त्या वर्गाचे आकडे जाहीर करायचे असतात आणि हे सगळं ठरलेल्या पैशांत बसवायचं असतं. समितीची ही अडचण एकदा ध्यानात आली की अर्जदाराचे बरेचसे प्रश्न सुटतात. मी इथे त्याच बाजूने सगळं उलगडून सांगणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. ज्यांच्याकडे दुसऱ्या देशातली कायद्याची पदवी आहे, त्यांच्यासाठी एक वर्षाचं एलएल.एम. हा वेगळा मार्ग आहे. त्याला खाली सांगितलेली एलसॅट ही प्रवेश परीक्षा सहसा लागत नाही, आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत काही अटी पूर्ण केल्या तर परदेशी कायदा पदवीधरांना बार परीक्षेलाही बसता येतं. हा लेख मात्र जे.डी.बद्दल आहे.

सगळं फिरतं मीडियनभोवती

एबीएची मान्यता असलेली सुमारे २०० लॉ स्कूल्स आहेत. त्या प्रत्येकाला दर डिसेंबरात एक ठरावीक नमुन्यातला अहवाल जाहीर करावा लागतो. त्याला 'स्टँडर्ड ५०९' अहवाल म्हणतात. किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश देऊ केला, किती जण आले, फी किती, स्कॉलरशिप किती जणांना आणि किती, पहिल्या वर्षानंतर किती जण गळाले, हे सगळं त्यात असतं. स्कूलचं रंगीत माहितीपत्रक नंतर वाचा, आधी हा अहवाल उघडा.

त्यातले सर्वांत महत्त्वाचे आकडे दोन: नव्या वर्गाचा एलसॅटचा मीडियन आणि जीपीएचा, म्हणजे पदवीतल्या श्रेणींच्या सरासरीचा, मीडियन. मीडियन म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधल्या विद्यार्थ्याचा आकडा. समजा वर्गात पाचच जण आहेत आणि त्यांचे गुण १६०, १६४, १६६, १६८ आणि १७२ आहेत. मीडियन झाला १६६. आता १६० वाल्याच्या जागी १५५ वाला घेतला तरी मीडियन १६६ च राहतो. १७२ वाल्याच्या जागी १८० वाला आला तरीही १६६ च. पण मधल्या १६६ वाल्याच्या जागी १६५ वाला घेतला की मीडियन १६५ वर उतरतो.

या छोट्या गणितातून प्रवेश प्रक्रियेतल्या कितीतरी गोष्टी उमगतात. मीडियनच्या एक गुण वर असणं आणि एक गुण खाली असणं यात जेवढं अंतर आहे, तेवढं मीडियनच्या तीन गुण वर आणि सात गुण वर असण्यात नाही. एलसॅट मीडियनच्या बराच वर आणि जीपीए बराच खाली असलेल्या अर्जदाराला तिकडे 'स्प्लिटर' म्हणतात. त्याला घेतल्याने एका आकड्याला आधार मिळतो आणि दुसऱ्याचं व्हायचं तेवढं नुकसान झालेलंच असतं, म्हणून काही स्कूल्स अशांना आनंदाने घेतात. दोन्ही आकडे मीडियनच्या किंचित खाली असलेला अर्जदार, जो कागदावर अधिक समतोल दिसतो, त्याची वाट मात्र अवघड होते. अर्थात पंचविसाव्या आणि पंच्याहत्तराव्या पर्सेंटाइलचे आकडेही जाहीर होतात, त्यामुळे खाली किती उतरायचं यालाही मर्यादा असते.

हे आकडे स्कूल्सना इतके का प्रिय? मोठं कारण म्हणजे 'यू.एस. न्यूज'ची क्रमवारी. १९९० पासून ती दरवर्षी निघते आणि तिच्यात या मीडियनना वजन असतं. त्यापायी काय घडू शकतं याचं उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलने काही वर्षांचे एलसॅट आणि जीपीएचे आकडे फुगवून दिल्याचं २०११ मध्ये उघड झालं आणि पुढच्या वर्षी एबीएने त्याला ठपका ठेवून अडीच लाख डॉलर दंड केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डने या क्रमवारीला माहिती देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, मागोमाग इतरही बाहेर पडले. त्यानंतर क्रमवारीत प्रवेशाच्या आकड्यांचं वजन कमी झालं आणि नोकरी व बार परीक्षेच्या निकालाचं वाढलं. तरी मीडियन जपण्याची सवय काही सुटलेली नाही.

म्हणून अर्ज करायच्या स्कूल्सची यादी करताना प्रत्येकासमोर त्याचे दोन्ही मीडियन लिहा आणि शेजारी तुमचे आकडे. काही ठिकाणी तुम्ही दोन्हींच्या वर असाल, काही ठिकाणी एकाच्या वर, काही ठिकाणी दोन्हींच्या खाली. तिन्ही प्रकारची स्कूल्स यादीत हवीत. फक्त नावं ऐकून केलेली यादी हा या प्रक्रियेतला सर्वांत महागडा उत्साह आहे.

एलसॅट

लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅक, १९४७ मध्ये स्थापन झाली आणि तिने पहिली एलसॅट फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतली. गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात. परीक्षेत कायद्याचं ज्ञान अजिबात विचारत नाहीत. ३५ मिनिटांचे चार भाग असतात. त्यातले दोन लॉजिकल रीझनिंगचे आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा, हे मोजले जातात. चौथा भाग याच दोन प्रकारांपैकी एकाचा असतो, तो मोजत नाहीत, पण कुठला भाग मोजला जाणार नाही हे परीक्षेत कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. याशिवाय लेखनाचा एक वेगळा भाग द्यावा लागतो. त्याला गुण नाहीत, पण तो स्कूलकडे जातो.

जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. बसायच्या जागा, वेळापत्रकं असली कोडी असलेला 'लॉजिक गेम्स' हा भाग ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला आहे. आकृत्या काढल्याशिवाय ती कोडी सुटत नसत, आणि अंध परीक्षार्थींवर तो अन्याय होता. त्यांनी लढलेल्या खटल्यातल्या २०१९ च्या तडजोडीतून हा बदल आला. त्या कोड्यांवर आता तासभरही घालवू नका.

लॉजिकल रीझनिंगचा प्रश्न कसा असतो हे एका उदाहरणावरून बघा. हे मी रचलेलं आहे, पण धाटणी तीच.

"एका शहराने दहा चौकांत कॅमेरे बसवले. पुढच्या वर्षी त्या चौकांतले अपघात घटले. तेव्हा कॅमेऱ्यांमुळेच अपघात कमी झाले." या युक्तिवादाला सर्वांत जास्त धक्का कशाने बसतो? पहिला पर्याय: कॅमेरे बसवायला अपेक्षेपेक्षा जास्त खर्च आला. दुसरा: त्या चौकांतून जाणाऱ्या काही चालकांना कॅमेऱ्यांची माहितीच नव्हती. तिसरा: शहरातल्या कॅमेरे नसलेल्या चौकांतही त्या वर्षी अपघात तितक्याच प्रमाणात घटले.

पहिला पर्याय विषय सोडून बोलतो. दुसरा फसवा आहे. तो कारणावर बोट ठेवल्यासारखा वाटतो, पण 'काही' चालकांना माहिती नसली तरी उरलेल्यांना असू शकते, त्यामुळे युक्तिवादाचं फार बिघडत नाही. तिसरा पर्याय नेमका मर्मावर घाव घालतो: घट सगळीकडेच झाली असेल, तर श्रेय कॅमेऱ्यांना का द्यायचं? अख्खी परीक्षा अशाच वाचनाची आहे. 'काही', 'बहुतेक', 'तरच' या शब्दांकडे लक्ष जाणं ही सवय आहे आणि सवय लागायला महिने लागतात. तयारीत माझ्या मते सर्वांत मोलाचा वेळ पेपर सोडवण्याचा नसतो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापाशी थांबून 'मला हा चुकीचा पर्याय बरोबर का वाटला' हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढायचा वेळ सर्वांत मोलाचा. एलसॅकच्या लॉहब या संकेतस्थळावर काही जुने पूर्ण पेपर मोफत मिळतात, सुरुवात तिथूनच करा.

परीक्षा पुन्हा द्यावी का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. उत्तर परत मीडियनपाशीच आहे. एबीएला आकडे कळवताना स्कूल प्रत्येक विद्यार्थ्याचा सर्वोच्च गुण धरतं. तुमचे आधीचे प्रयत्न समितीला दिसतात, पण वर्गाच्या अहवालात जातो तो सर्वांत चांगला. त्यामुळे सरावात सातत्याने जास्त गुण येत असतील तर परत बसण्यात सहसा तोटा नाही. मात्र प्रयत्नांना मर्यादा आहे: गुण ज्या कालावधीत ग्राह्य धरले जातात त्यात पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा. 'सहज बघू काय येतं ते' म्हणून एक प्रयत्न जाळणं मला पटत नाही. तसं बघायला सराव पेपर आहेत.

ॲरिझोना विद्यापीठाच्या लॉ स्कूलने २०१६ मध्ये एलसॅटऐवजी जी.आर.ई. ही इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची परीक्षा स्वीकारायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी हार्वर्डने, आणि आज बरीच स्कूल्स ती चालवून घेतात. जी.आर.ई.चे उत्तम गुण हातात असतील तर जरूर विचार करा. कायद्यालाच जायचं पक्कं असेल तर मी एलसॅटच निवडेन, कारण ती प्रत्येक स्कूलला चालते.

तुमचा जीपीए आणि एलसॅकचा जीपीए

तुमच्या महाविद्यालयाने दिलेला जीपीए आणि लॉ स्कूलला दिसणारा जीपीए एकच असेल असं नाही. एलसॅकची 'क्रेडेन्शियल असेंब्ली सर्व्हिस', थोडक्यात कॅस, तुमच्या सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रकं, मागवते आणि आपल्या नियमांनी जीपीए नव्याने काढते. तिच्या पट्टीवर ए-प्लसला ४.३३ मिळतात, त्यामुळे काहींचा जीपीए वाढतो. अनेकांचा घटतो, कारण नापास झालेला विषय पुन्हा देऊन सुधारला असला तरी ट्रान्स्क्रिप्टवर दिसणाऱ्या दोन्ही श्रेणी धरल्या जातात. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले क्रेडिटही त्यात येतात. पहिली पदवी मिळाल्यानंतर घेतलेले अभ्यासक्रम मात्र येत नाहीत. म्हणजे पदवी हातात पडली की हा आकडा गोठतो. नंतर एम.ए. करून तो सुधारता येत नाही, एम.ए.चा फायदा काय असेल तो फाइलच्या बाकीच्या भागात.

भारतातून पदवी घेतलेल्यांचं गणित वेगळं आहे. अमेरिका आणि कॅनडाबाहेरच्या पदवीच्या ट्रान्स्क्रिप्टची सत्यता तपासली जाते, मूल्यमापन होतं, पण त्यातून जीपीएचा आकडा काढला जात नाही. 'उत्कृष्ट', 'सरासरीपेक्षा वर', 'सरासरी' अशा अर्थाचा शेरा मिळतो. आकडाच नसल्यामुळे स्कूलच्या जीपीए मीडियनमध्ये अशा विद्यार्थ्याची गणना होत नाही. साहजिकच त्याच्या एलसॅटवर जास्त भार येतो. विद्यापीठाची टक्केवारी कमी-जास्त आहे म्हणून खचलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं, आणि सुवर्णपदकावर विसंबलेल्यांनीही. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट एलसॅककडे जावी लागते. परीक्षा विभागातून हा कागद निघायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको, हे काम सर्वांत आधी सुरू करा. काही स्कूल्स टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षाही मागतात.

शब्दांची बाजू

आकडे जुळणारे अर्जदार जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तिथून पुढे निवड होते ती लिहिलेल्या कागदांवरून.

पर्सनल स्टेटमेंट सहसा दोन पानांचं असतं, ओळींत दुप्पट अंतर ठेवून. विषय बहुतेक ठिकाणी मोकळा असतो आणि तिथेच लोक अडखळतात. 'लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे' अशी सुरुवात समितीने शेकड्यांनी वाचलेली असते. त्या वाक्यात खोटं काही नसेल, पण ते कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी हे वाचा: 'घरमालकाची नोटीस घेऊन आमच्या मदत केंद्रात आलेल्या बाईंना त्यातली तारीख वाचता येत होती, पण तीस दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे हे त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.' लिहिणारा काय करत होता, त्याला कुठला प्रश्न पडला, कायदा त्याच्या आयुष्यात कुठून शिरला हे तीन ओळींत समजतं. प्रसंग मोठा असायची गरज नाही. तुम्ही विचार कसा करता हे त्यातून दिसलं पाहिजे. दुःख सांगितलंच पाहिजे असंही काही नाही, आणि सांगितलं तर निम्म्याहून जास्त जागा त्यानंतर तुम्ही काय केलंत याला द्या.

२९ जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रवेशात वंशाचा थेट विचार करायला मनाई झाली. पण वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार स्वतःच्या शब्दांत सांगत असेल तर ते विचारात घ्यायला त्या निकालात मनाई नाही. त्यानंतर अनेक स्कूल्सनी जुन्या 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट'चे प्रश्न बदलून अनुभव, दृष्टिकोन अशा शब्दांत मांडले. प्रत्येक स्कूलचा प्रश्न नीट वाचून त्याचंच उत्तर द्या. एकच निबंध नाव बदलून सगळीकडे पाठवला की तो लगेच ओळखू येतो.

एआयच्या वापराबद्दलही प्रत्येक स्कूलचा नियम वेगळा. २०२३ मध्ये मिशिगनने निबंध लिहिताना त्याला मनाई केली आणि त्याच सुमारास ॲरिझोना स्टेटने परवानगी दिली. अर्जावर तुम्ही सही करून प्रतिज्ञा देता, म्हणून तो परिच्छेद वगळून पुढे जाऊ नका.

शिफारसपत्रं साधारण दोन लागतात, त्यातलं निदान एक शिकवणाऱ्याचं असावं. इथे मोठ्या नावांचा मोह आवरा. ज्या प्राध्यापकांनी तुमचा शोधनिबंध वाचून तीनदा दुरुस्त करायला लावला, त्यांच्या पत्रात सांगण्यासारखं काही असतं. एखाद्या पदाधिकाऱ्याने लेटरहेडवर दिलेल्या चार गोड ओळींत नसतं. पत्र लिहिणारा ते थेट एलसॅककडे पाठवतो. त्यांना दोन महिने आधी विचारा, सोबत रेझ्युमे आणि तुमचं त्यांच्याकडे झालेलं काम द्या.

काही उणं असेल, तर एक छोटं पुरवणी टिपण जोडता येतं, त्याला 'अडेंडम' म्हणतात. ते असं असावं: 'तिसऱ्या सत्रात वडिलांच्या आजारपणामुळे मी आठवड्यातून तीन दिवस रुग्णालयात असे. त्या सत्राचा जीपीए २.६ आहे. त्यानंतरच्या प्रत्येक सत्रात तो ३.७ च्या वर आहे.' संपलं. गाऱ्हाणं नको, कुणावर ठपका नको. एलसॅटला दोन गुण कमी पडले म्हणून अडेंडम लिहू नये.

आणि 'कॅरेक्टर अँड फिटनेस'चे प्रश्न. पोलिसांशी आलेला संबंध, कॉलेजात झालेली शिस्तभंगाची कारवाई, हे स्कूल विचारतं. प्रश्न ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांना उत्तर द्या, आणि विचारलेलं काहीही लपवू नका. वसतिगृहातली जुनी किरकोळ कारवाई सहसा प्रवेश अडवत नाही. पण तीन वर्षांनी बारसाठी अर्ज करताना तिथले अधिकारी लॉ स्कूलचा अर्ज काढून ताडून बघतात, आणि दोन उत्तरांत फरक आढळला तर मूळ घटनेपेक्षा ती लपवाछपवी कितीतरी जड जाते.

कधी पाठवायचं

अर्ज साधारण सप्टेंबरात खुले होतात आणि फेब्रुवारी-मार्च किंवा त्याहून पुढेपर्यंत घेतले जातात. बहुतेक स्कूल्स अर्ज येतील तसे वाचतात आणि निर्णय देत जातात. सुरुवातीला सगळ्या जागा मोकळ्या असतात आणि स्कॉलरशिपचा निधीही शाबूत असतो. शेवटच्या तारखेला आलेला अर्ज नियमात बसतो, पण तोवर बराच वर्ग भरलेला असतो. मी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अर्ज पाठवायला सांगेन. मात्र घाईने कच्चा अर्ज पाठवण्यापेक्षा जानेवारीत चार गुण जास्त घेऊन पाठवलेला अर्ज बरा, आणि तेही जमत नसेल तर वर्षभर थांबण्यात कमीपणा काहीच नाही. पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून आलेले विद्यार्थी लॉ स्कूलच्या वर्गात भरपूर असतात.

'अर्ली डिसिजन'चा अर्थ नीट समजून घ्या. त्यात तुम्ही लेखी कबूल करता की प्रवेश मिळाला तर मी इथेच येईन आणि बाकीचे अर्ज मागे घेईन. एखाद्या स्कूलवर मन जडलंय आणि पैशांचा प्रश्न नाही, तर ठीक. इतरांनी त्यापासून लांब राहावं. कारण पुढच्या भागात आहे.

पैसा

काही नामांकित खासगी लॉ स्कूल्सची वर्षाची नुसती ट्यूशन फी ७५,००० डॉलरच्या पुढे गेली आहे. राहणं-खाणं धरून तो आकडा वर्षाला एक लाखावर जातो. पण ही छापील किंमत झाली. कितीतरी विद्यार्थी यापेक्षा कमी भरतात, काही तर बरंच कमी, आणि कोण किती भरतो हे पुन्हा मीडियनवरच ठरतं. तुमच्या आकड्यांनी स्कूलचा मीडियन वर जाणार असेल तर तुम्हाला ओढण्यासाठी स्कूल पैसे सोडतं. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड याला अपवाद आहेत. ती गुणांवर स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त आर्थिक गरज बघतात. बाकीच्यांच्या ५०९ अहवालात किती टक्के विद्यार्थ्यांना निम्म्यापेक्षा कमी, निम्म्याहून जास्त, पूर्ण सवलत मिळाली ते दिलेलं असतं. तो तक्ता पाहिल्याशिवाय कुठल्याही स्कूलला 'परवडत नाही' म्हणू नका, आणि 'परवडतं' असंही म्हणू नका.

मिळालेली रक्कम अनेक ठिकाणी वाढवून मागता येते. लाजू नका, समितीला याची सवय असते. पत्र साधं असावं: तुमच्या स्कूलला येण्याची माझी मनापासून इच्छा आहे, अमुक स्कूलने मला इतकी रक्कम देऊ केली आहे, त्याचं पत्र सोबत जोडलं आहे, माझ्या रकमेचा फेरविचार होऊ शकेल का? समोरचं स्कूल तुलनेच्या तोडीचं असलं की या पत्राला वजन येतं. आता अर्ली डिसिजनची अडचण लक्षात येईल: जो आधीच 'येणारच' म्हणून सही करून बसलाय, त्याला जास्त देण्याची गरज कुणाला?

काही स्कॉलरशिपला अट असते. पहिल्या वर्षी अमुक जीपीए राखा, नाहीतर पुढच्या दोन वर्षांची सवलत गेली. पदवीला ३.८ घेणाऱ्याला ३.० ची अट किरकोळ वाटते. पण लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षी श्रेणी बहुधा कर्व्हवर दिल्या जातात, म्हणजे किती जणांना वरच्या श्रेणी मिळणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि वर्गातला प्रत्येक जण तुमच्याइतकाच तयारीचा असतो. अशा स्कॉलरशिप किती जणांना दिल्या आणि किती जणांच्या काढून घेतल्या, हेही ५०९ अहवालात छापावं लागतं. तो आकडा मोठा असेल तर कमी रकमेची, पण बिनअटीची ऑफर मी चांगली समजेन.

कर्जाचे नियमही बदलले आहेत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलं. कायद्यासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी कर्जाची मर्यादा आता वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर आहे. त्यावरचा खर्च खासगी कर्जातून किंवा खिशातून. स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना हे सरकारी कर्ज मुळातच मिळत नाही, आणि खासगी बँका त्यांच्याकडे बहुतेकदा अमेरिकेतला जामीनदार मागतात.

हे कर्ज फिटणार कशातून? प्रत्येक स्कूल पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जण कुठे नोकरीला आहेत हे जाहीर करतं. त्यात 'बार परीक्षा आवश्यक असलेली, पूर्ण वेळ, दीर्घ मुदतीची नोकरी' हा रकाना शोधा. 'नोकरीत असलेले ९० टक्के' या जाहिरातीतल्या वाक्यात कुठलीही नोकरी येऊ शकते. मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २०२३ च्या अखेरीपासून २,२५,००० डॉलर आहे, आणि सरकारी वकील, पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेला वकील) किंवा छोट्या फर्ममधला नवा वकील याच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी कमावतो. दोन्हींच्या मधल्या पगाराच्या नोकऱ्या थोड्या. ज्याला गरिबांचे खटले चालवायचे आहेत त्याने दोन लाखांचं कर्ज घेऊन नामांकित नाव विकत घ्यावं की आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात पूर्ण स्कॉलरशिपवर शिकावं, याचं उत्तर मला तरी बहुतेक वेळा दुसरं वाटतं. त्या कामाची आस असलेले कितीतरी जण हप्त्यांच्या ओझ्याखाली दुसरीकडे वळतात, आणि त्यात नुकसान फक्त त्यांचं होत नाही.

निकाल आल्यावर

होकार आणि नकार यांच्यामध्ये वेटलिस्ट असते. उन्हाळ्यात विद्यार्थी एका स्कूलची जागा सोडून दुसरीकडे जातात तशी ती हलते, कधी कधी वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यापर्यंत. वेटलिस्टवर असाल तर एक पानाचं पत्र पाठवा: अजून इच्छा आहे, मधल्या काळात हे नवीन घडलं, आणि खरं असेल तरच, जागा मिळाली तर नक्की येईन. दर आठवड्याला मेल करू नका. तोवर दुसरीकडे सीट डिपॉझिट भरून जागा पक्की ठेवा. वेटलिस्टवरून उशिरा मिळणाऱ्या जागेसोबत स्कॉलरशिप क्वचितच मोठी असते, तेव्हा हातातली ऑफर सोडण्याआधी दोन्हींचा तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडा.

प्रवेश स्वीकारल्यावर बाकीच्या स्कूल्सना कळवून अर्ज मागे घ्या, तुमच्या जागेची कुणीतरी वाट बघत असतं. पदवी पूर्ण झाल्याची अंतिम ट्रान्स्क्रिप्ट स्कूलला पोचवावी लागते, आणि अर्ज दिल्यानंतर 'कॅरेक्टर अँड फिटनेस'च्या एखाद्या उत्तरात बदल झाला असेल तर तोही आपण होऊन कळवावा लागतो. परदेशातून येणाऱ्यांना पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवल्याशिवाय आय-२०, म्हणजे स्टुडंट व्हिसासाठी स्कूलने द्यायचा दाखला, मिळत नाही आणि त्याविना व्हिसाची मुलाखत देता येत नाही, म्हणून बँकेची कागदपत्रं एप्रिलमध्येच तयार असू द्या.